कडेवरची चीर

इंदापूरच्या डेपोत झुंबरराव पोळांचं नाव निघालं की कुणी ना कुणी तो आईच्या तिकिटाचा किस्सा सांगतोच. नवी नोकरी होती. अंगावर कडक इस्त्रीची खाकी, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी. सकाळची निरवांगीहून इंदापूरला जाणारी गाडी. तिच्यात त्यांची सख्खी आई, द्वारकाबाई, गवारीची पाटी घेऊन चढली. बाजारात गवार विकली की पैसे येणार, तोवर खर्चायला दमडी नाही. पोरगाच कंडक्टर म्हटल्यावर तिनं कशाला काळजी करावी? हसत म्हणाली, येताना देते रे. झुंबररावांनी दोरी ओढून घंटी दिली आणि पुढच्या फाट्यावर आईला पाटीसकट खाली उतरवलं.

गाडीतली माणसं खिडक्यांतनं मागं बघत राहिली. मग मागनं कुणीतरी म्हणालं, वा रे पठ्ठ्या, आईलाबी सोडलं न्हाय! संध्याकाळपर्यंत गोष्ट डेपोत पोचली, साहेबांनी पाठ थोपटली, चहा पाजला. आता तिकीट होतं रुपया-दीड रुपयाचं आणि झुंबररावांच्या खिशात आठ दिवसांपूर्वीचा पहिला पगार होता. स्वतःच्या खिशातून आईचं तिकीट फाडलं असतं तर कुठला कायदा मोडणार होता? पण हे कुणी विचारलं नाही. तसं केलं असतं तर किस्सा झाला नसता, आणि झुंबररावांना किस्सा हवा होता.

द्वारकाबाई उन्हातनं पाटी डोक्यावर घेऊन मागं चालत आली. बाजार बुडाला, गवार सुकली. रात्री तिनंच पोराला गरम भाकरी वाढली आणि पुढं आयुष्यभर तीच गोष्ट शेजारणींना कौतुकानं सांगत राहिली, माझं पोरगं लई कडक हाय म्हणून. आयांचं हे असंच असतं, काय बोलायचं!

पस्तीस वर्षं झुंबररावांनी माणूस असा बघितलाच नाही. बघितलं ते तिकीट. म्हातारा असो, गरोदर बाई असो, रडणारं पोर असो, हात पुढं आणि नजर कागदावर. कागदावर नंबर आहे, नंबर जुळतो आहे, म्हणजे माणूस खरा. कुणी हुज्जत घातली की म्हणायचे, तिकिटाच्या मागं सगळं छापलंय, वाचा की जरा. हे मागं छापलेलं त्यांनी स्वतः किती वेळा वाचलं होतं देव जाणे.

नाण्यांचा नाद त्यांना त्याच चामडी पिशवीनं लावला. कुणी गर्दीत भोकाचा पैसा खपवायचा, कुणी जुनं कसलंसं जाड नाणं. झुंबरराव आपल्या खिशातला रुपया पिशवीत टाकायचे आणि ते नाणं घरी आणायचे. निवृत्त झाल्यावर इंदापुरात बांधलेल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी काचेचं कपाट केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी बारामतीत एका मंगल कार्यालयाच्या माडीवर नाण्यांचे शौकीन जमायचे, तिथं ते न चुकता जाऊ लागले. तिथंच त्यांना डबी भेटली.

डबी म्हणजे तळहाताएवढी, काचेसारख्या प्लास्टिकची, कायमची बंद केलेली. आपलं नाणं तपासणाऱ्या कंपनीकडं पाठवायचं. कंपनीची माणसं ते खरं का खोटं ठरवतात, दर्जा ठरवतात, डबीत बंद करतात आणि वर छापील चिठ्ठी लावून परत पाठवतात. चिठ्ठीवर लांबलचक नंबर. तो फोनवर टाकला की कंपनीच्या यादीत तेच नाणं दिसतं. पस्तीस वर्षं नंबर जुळवण्यात गेलेल्या माणसाला आणखी काय हवं? झुंबररावांना नाण्यालाच तिकीट मिळाल्यासारखं वाटलं.

मग ते इतरांना ऐकवू लागले. निरवांगीचा एक माळवं-भाजीपाला पिकवणारा शेतकरी, सोपान त्याचं नाव, नांगरताना सापडलेली चार तांब्याची नाणी घेऊन मोठ्या आशेनं माडीवर त्यांच्याकडं आला. झुंबररावांनी नाण्यांना हातही लावला नाही. डबी हाय का, म्हणाले. नसंल तर आमच्या लेखी ही फुकट्या प्रवाशावाणी, उतरवा खाली. माडीवरचे सगळे हसले. सोपान नाणी मुठीत धरून जिना उतरला. त्याचा चेहरा कसा झाला ते बघायला झुंबररावांनी मान वळवली नाही.

आणि त्यांच्या घरातच, त्यांच्या आईच्या कमरेच्या पिशवीत, एक नाणं होतं.

राणीछाप चांदीचा रुपया. द्वारकाबाईचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. तिच्या बापानं दोन शेळ्या विकून तो रुपया मिळवला होता. कुणी फसवू नये म्हणून सुप्याच्या बाजारात सोनाराकडं नेला. सोनारानं बारीक छिन्नीनं रुपयाच्या कडेला केसाएवढी चीर पाडली, आत बघितलं आणि पोटातनंबी पांढराच हाय म्हणून सांगितलं. चौदा वर्षांची द्वारका सासरी निघाली तेव्हा बापानं तो तिच्या ओटीत घातला. म्हणाला, पोरी, दुसरं काय द्यायला न्हाय, पण हा खरा हाय. कुणी तुला खोट्या घरची म्हणालं तर कडेला नख लावून बघायचं.

म्हणणारे भेटलेच. निरवांगीचं सासर पाण्याखालचं, ऊस पिकवणारं. सासू उठता-बसता सुप्याच्या दुष्काळाचा उद्धार करायची, तुझ्या बानं नुसता पत्रा दिला असंल म्हणायची. द्वारकाबाई उलट बोलायची नाही. कमरेच्या पिशवीत बोट घालून रुपयाच्या कडेला नख फिरवायची. ते चिरेत अडकलं की तिचं समाधान व्हायचं. सत्तर वर्षं तिनं हे केलं. सासू गेली, नवरा गेला, काचबिंदूनं डोळे गेले, तरी नख शाबूत होतं.

मागणं एकच. त्यांच्यात मयताच्या कपाळाला बंदा रुपया लावायची रीत. तिनं लेकाला, सुनेला, निरवांगीतच दिलेल्या लेकीला, लीलाबाईला, शंभरदा सांगून ठेवलं होतं, की मी गेले की माझ्या बाचा रुपया कपाळाला लावायचा, आणि मागनं राखंत गावंल तो नीरा नदीत सोडायचा. मी खऱ्या घरची म्हणून आले, खऱ्या घरची म्हणून जाणार. बास, एवढंच. ना तीर्थयात्रा मागितली, ना पाटल्या.

आता घोळ कुठं झाला ते ऐका. एका दिवाळीच्या तोंडावर झुंबररावांनी पुण्याच्या एका प्रदर्शनातनं तसाच राणीछाप रुपया विकत घेतला, आईच्याच रुपयाच्या सालाचा. विकणाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, साहेब म्हटलं. हा डबीत जाऊन आला की तुम्हाला हात जोडतील लोक, असंही म्हणाला. झुंबरराव खूश. लक्ष्मीपूजनाला दोन्ही रुपये जोडीनं पुजायचे असं त्यांनी ठरवलं. द्वारकाबाईनं दोन्ही चिंचेच्या कोळात बुडवून, राखेनं घासून लख्ख केले. दरवर्षी करायची तसंच. झुंबररावांची बायको संजीवनी हिनं ते पुसून ताम्हनात ठेवले. हळदकुंकू झालं, लाह्या-बत्तासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला जाणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर दोन्ही रुपये कंपनीकडं पाठवायचे होते. झुंबररावांनी दोन पाकिटं काढली, एकावर आई लिहिलं, दुसऱ्यावर स्वतः. ताम्हनात डावीकडचा आईचा, उजवीकडचा आपला, आपणच सांगितलं होतं तसं ठेवायला. द्वारकाबाई भिंतीला धरत आली आणि हात पुढं करून म्हणाली, थांब, मला नख लावू दे, कुठला माझा ते मी सांगते. झुंबरराव म्हणाले, मी पस्तीस वर्षं अंधारात नाणी मोजली, मला शिकवू नको. पाकिटं बंद झाली. म्हातारीचा हात तसाच पुढं राहिला, मग तिनं तो पदराला पुसला.

संजीवनीनं पुसताना रुपये कुठल्या हातानं उचलले आणि कुठं ठेवले, हे तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. तिला कुणी विचारलंही नाही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला पार्सल आलं. सगळं घर पुढच्या खोलीत जमलं. एक डबी निघाली आणि एक साधी पातळ पिशवी. डबीवरच्या चिठ्ठीत मोठ्या इंग्रजी अक्षरांत अस्सल असं लिहिलेलं, खाली नंबर, त्याखाली आणखी एक बारीक ओळ. झुंबररावांचं इंग्रजी मोठ्या अक्षरांपुरतं. त्यांनी नंबर फोनवर टाकला, जुळला, विषय संपला. कंपनीच्या कागदावर ही डबी "स्वतः" पाकिटाची होती. पातळ पिशवीतला रुपया "आई" पाकिटाचा. त्याच्याबरोबरच्या चिठ्ठीवर एवढंच होतं की नाणं बनावट आहे, डबी देता येत नाही.

झुंबररावांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आईपासून लपवावं, निदान हळू बोलावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट आत कुठंतरी बरंच वाटलं. आपण पारखून घेतलेला खरा निघाला होता.

द्वारकाबाईनं हात पुढं केला. पिशवीतला रुपया तिच्या हातावर ठेवला. तिनं अंगठ्यानं धरून कडेवरून नख फिरवलं. एकदा फिरवलं, उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं. सगळे बघत होते.

"हा माझा न्हाय," ती म्हणाली. "ह्येला चीर न्हाय."

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. पण झुंबररावांच्या हातात छापील कागद होता.

"चीर न्हाय म्हंजे सोनाराकडं नेलाच न्हवता," ते म्हणाले. "तुझ्या बानं सांगितलं आन तू ऐकलं. तुझं नख सत्तर वर्षं नुसतं मळात अडकत व्हतं, दिवाळीत चिंचंनं मळ निघाला."

म्हातारीनं तो रुपया खाली ठेवला. बाप खोटा नव्हता एवढंच ती हळू बोलली. मग तिनं दुसरा रुपया मागितला, डबीतला. संजीवनीनं डबी तिच्या हातात दिली. म्हातारीनं डबीच्या कडेला नख लावलं. प्लास्टिक गुळगुळीत. तिनं डबी फिरवली, कोपरे चाचपले, फट शोधली. नखाचा कुरकुर आवाज येत राहिला. ही फोड, ती लेकाला म्हणाली, एकदा नख लावू दे, मग मी कायबी बोलणार न्हाय.

झुंबररावांनी डबी तिच्या हातातनं काढून घेतली. फोडलेल्या डबीला कोण विचारतं? फाटलेल्या तिकिटावर कुणी प्रवास करतं का? त्यांनी ती काचेच्या कपाटात मधोमध ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

एवढ्यावर थांबले असते तरी देवानं माफ केलं असतं. पण पुढच्या रविवारी बारामतीच्या माडीवर त्यांनी डबी दाखवली. हातात कुणालाच दिली नाही, लांबनंच बघा म्हणाले. आणि वर आईची गोष्ट सांगितली. म्हातारी सत्तर वर्षं खोटा रुपया कमरेला बांधून मिरवत होती, कंपनीनं एका चिठ्ठीत निकाल लावला. मी आईला गाडीतनं उतरवलं होतं, आता तिच्या बापालाबी उतरवलं. माडी हसून हसून आडवी झाली. कुणीतरी टाळी दिली. अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले, झुंबरराव, खरा पारखी असा पाहिजे, रक्ताचं नातंसुद्धा बघत नाही.

ती गोष्ट निरवांगीला पोचायला किती वेळ लागतो? बाजारच्या दिवशी लीलाबाईला दोघींनी विचारलं, काय गं, तुझ्या आज्ज्यानं पत्र्याचा रुपया दिला व्हता म्हणं? जे सासू बोलायची तेच, सत्तर वर्षांनी, गावभर. लीलाबाई भेंडीची पोती तशीच टाकून इंदापूरला आली, भावाला वाटेल तसं बोलली, आणि आईजवळ बसून रडली. द्वारकाबाई रडली नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडून होती आणि तिचा अंगठा पांघरुणाच्या काठावरनं फिरत होता.

पावसाळ्यापर्यंत म्हातारी खंगली. जेवण तुटलं. श्रावणात लीलाबाई आठ दिवस येऊन राहिली, तेव्हा एका दुपारी म्हातारी आपणहून बोलली. झुंबरराव दारातच पाय धूत होते, त्यांनीही ऐकलं.

"लीले, बानं फसवलं असंल गं मला. काय करंल बिचारा, गरीब व्हता. पोरीला रिकाम्या ओटीनं कसं धाडायचं म्हणून बोलला असंल." मग म्हणाली, "तो रुपया कपाळाला लावू नका. खोटं कपाळावर घेऊन कुठं जाऊ? साधा चलनातला लावा."

सत्तर वर्षं जपलेला बाप तिनं असा सोडून दिला. वर त्याला माफही केलं, न केलेल्या लबाडीबद्दल. झुंबररावांच्या हातातला तांब्या क्षणभर थांबला. पण त्यांनी पाय पुसले आणि मनाशी म्हटलं, चला, म्हातारीला पटलं एकदाचं.

पंधरा दिवसांनी, सकाळी चहा घेता घेता द्वारकाबाई गेली.

दहापर्यंत अंगण भरलं. निरवांगीची माणसं आली, डेपोतली आली, बारामतीहून बापूसाहेब आणि माडीवरचे चौघे आले. झुंबररावांचा मुलगा दीपक तिरडीची बांधाबांध करत होता. बायकांनी म्हातारीला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. कणकेची गोळी तयार झाली, कपाळाला रुपया चिकटवायला. लीलाबाईनं भावाला हाक मारून सांगितलं, आई काय बी बोलली आसंल, तिच्या बाचा रुपया आण. खोटा तर खोटा. सत्तर वर्षं तिनं तो खरा म्हणून वागवला, तोच लावायचा.

झुंबरराव पुढच्या खोलीत गेले. मागोमाग सून स्वरूपा आली, कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडं होत्या. स्वरूपा इंदापुरातल्या एका औषधांच्या दुकानात कामाला. दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची तिची सवय. कुलूप काढून तिनं पातळ पिशवी घेण्यासाठी मधली डबी बाजूला केली आणि सवयीनं चिठ्ठी वाचली. मोठी ओळ वाचली, नंबर वाचला, बारीक ओळ वाचली. ती डबी तशीच धरून उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "हितं लिहिलंय, नाण्याच्या कडेवर पारखीची चीर आहे."

झुंबररावांना आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा वाच म्हटलं. तिनं एकेका शब्दाचा अर्थ सांगत वाचलं. त्यांनी डबी घेतली, खिडकीपाशी नेली, नाणी बघायचं भिंग डोळ्याला लावलं. रुपया ज्या पांढऱ्या कड्यात बसवला होता, त्याला लागून, राणीच्या मानेच्या खालच्या बाजूला, केसाएवढी काळी रेघ होती. छिन्नीची.

खिडकीचा गज धरून ते उभे राहिले. सगळं एकदमच समजलं. ताम्हन, पुसलेले रुपये, डावा, उजवा. पुण्याच्या माणसानं खुर्ची देऊन, साहेब म्हणून, खोटा गळ्यात मारला होता तो त्यांच्याच. आईचा खरा होता. आईचा बाप खरा होता. सुप्याच्या सोनारानं त्या केसाएवढ्या रेघेत जे सांगितलं होतं तेच कंपनीनं छापून पाठवलं होतं. पाच महिने चिठ्ठी खरंच बोलत होती. त्यांनी ती वाचली नव्हती.

आणि म्हातारी अजून घरात होती. दहा पावलांवर. डोळे मिटलेले, कपाळ मोकळं.

"फोडू का?" स्वरूपा म्हणाली. तिनं आत जाऊन खलबत्त्यातला बत्ताही आणला होता.

एक घाव. फक्त एक घाव पुरला असता. झुंबररावांनी बत्ता हातात घेतला, ही गोष्ट खरी. मग त्यांची नजर खिडकीतनं बाहेर गेली. अंगणात बापूसाहेब पांढऱ्या टोपीत उभे होते, डेपोतली माणसं होती, सोपानही कोपऱ्यात आला होता. डबी फोडून रुपया बाहेर न्यायचा म्हणजे लीला विचारणार, हा कसा? मग सगळं सांगावं लागणार. पारखी माणसाला पुण्यात टोपी घातली, हेही. आईला पाच महिने खोट्या घरची ठरवून मारली, हेही. मग जो नवा किस्सा होईल तो त्यांच्यामागं तिरडीपर्यंत येणार होता.

बाहेरनं लीलाबाईनं पुन्हा हाक मारली.

झुंबररावांनी बत्ता टेबलावर ठेवला. डबी कपाटात ठेवली. खिशातनं दहाचं नाणं काढलं. आणि सुनेकडं न बघता म्हणाले, "बाहेर बोलायचं न्हाय. घराण्याचा प्रश्न हाय."

लग्नाला दोन वर्षं झालेली सून, त्या घरात काय बोलणार होती? पण ती ज्या नजरेनं बघत राहिली ती झुंबररावांना सोसवेना. त्यांनी तिलाच बत्ता जागेवर ठेवायला पाठवलं.

अंगणात येऊन ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आईची शेवटची इच्छा होती, खोटा लावू नका म्हणून. आईचा शब्द मोडायचा न्हाय. बापूसाहेबांनी मान हलवली. लीलाबाई बाजूला झाली, कारण शब्द खराच होता, तिनं स्वतः ऐकला होता. द्वारकाबाईच्या कपाळाला कणकेनं दहाचं नाणं चिकटवलं. खांदेकऱ्यांनी उचलताना ते एकदा घसरून कानापाशी आलं. झुंबररावांनीच ते अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवलं.

वर्ष गेलं. वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर दिवाळी आली. मधल्या काळात झुंबरराव माडीवर जात राहिले. आईच्या रुपयाची गोष्ट पुन्हा सांगा म्हणून नव्या माणसांनी आग्रह केला, तेव्हा त्यांनी ती सांगितली. पहिल्यांदा सांगताना जीभ जरा अडखळली. नंतर अडखळली नाही.

भाऊबीजेला लीलाबाई आली. राग धरून किती दिवस बसायचं, भाऊ एकच. स्वरूपानं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावून ताट लीलाबाईच्या हातात दिलं. लीलाबाईनं ओवाळलं. झुंबररावांनी साडीचं पाकीट उचललं, तर ती नको म्हणाली.

"साडी नको दादा. आईचा तो रुपया दे. खोटा आसंना, तिचा हात लागलाय."

झुंबररावांनी सुनेकडं बघितलं. स्वरूपा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्यामागं काचेच्या कपाटात डबी होती. परवाच्या लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू अजून प्लास्टिकवर तसंच होतं.

झुंबरराव उठले. कपाट उघडलं. त्यांचा हात डबीवरनं गेला आणि पातळ पिशवीवर थांबला. पुण्याच्या माणसाचा खोटा रुपया त्यांनी बहिणीच्या ताटात घातला.

लीलाबाईनं तो डोळ्यांना लावला. मग आईसारखंच अंगठ्यात धरून कडेवरनं नख फिरवलं, सगळं वर्तुळ, हळूहळू.

"कुठंच अडकत न्हाय बघ," ती म्हणाली. "आई बिचारी उगंच म्हणायची."

"व्हय," झुंबरराव म्हणाले. "उगंच."

लीलाबाईनं रुपया पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. संजीवनीनं आतनं विचारलं, पानं वाढू का? झुंबरराव वाढ म्हणाले.